शून्यही लिहायचं

पहाटे चार वाजून वीस मिनिटं. ब्रिडलिंग्टनचा धक्का.
हेस्टर ॲनच्या फळ्यांवर मीठ आणि डिझेल,
बादलीत खारवलेला बांगडा,
माझ्या मांडीवर पाण्यात न भिजणाऱ्या कागदाची वही.

नॉर्मन कॅमिश बोलत नाही. अकरा मैल बोलत नाही.
मग दिसायला लागतात
आधी तांबडे दिवे, मग खांब, मग पाती,
तेव्हा म्हणतो, "आल्या सटव्या."

सात वर्षांपूर्वी चर्चच्या हॉलमधल्या सभेत
यांच्याविरुद्ध टेबलावर मूठ आपटली होती त्यानं.
आता यांच्याच पैशांवर पिंजरे ओढतो
आणि कंपनीला अजून पाण्यात पाहतो.
मीही पाण्यातच पाहते, पण मला पगार त्याचाच:
तळाशी कोण राहतं,
किती,
कुणाच्या पोटाखाली अंडी आहेत.

एका दोराला तीस पिंजरे. दोन रात्री तळाशी.
एक दोर चक्क्यांच्या पायथ्याशी,
एक सहा मैल दक्षिणेला, जिथे काहीच उभं नाही.
तेच आमिष, तेवढंच जाळं, तेवढ्याच रात्री.
काय बदललं ते सांगायला
न बदललेलं काहीतरी जवळपास लागतं.

विंच कुरकुरतं. दोर येतो हिरवा, गार, ठिबकत.
पहिला: दोन कुर्ल्या, एकीची नांगी तुटकी.
दुसरा: नर शेवंड, चौऱ्याऐंशी मिलिमीटर,
बाजाराच्या मापाला तीन कमी.
तिसरा: काही नाही.

नॉर्मन तो पायानंच बाजूला सारतो.
त्याच्या घराण्यात रिकाम्या पिंजऱ्याबद्दल बोलत नाहीत.
थांब, म्हणते मी. शून्यही लिहायचं.
"शून्य लिहायचा पगार देतात तुला?"
हो. आणि तुलाही, ते ओढायचा.

तो हसला की खोकला, विंचच्या आवाजात कळलं नाही.

अठराव्यात ती.
शिजण्याआधीची शेवंड असते तशी, काळसर निळी,
शेपटीखाली अंड्यांचा गच्च घोस,
आणि पाठीच्या सांध्यात पिवळा दोरा: दोन हजार दोनशे सहा.
मी जुनी वही काढते. अक्षर माझं नाही,
माझ्याआधी इथे बसायचा त्या माणसाचं.
इथेच सापडली होती, याच तुकड्यावर,
एकही खांब नव्हता तेव्हा.
मधली पानं उलटते.
खांब ठोकत होते तो अख्खा उन्हाळा:
शून्य, शून्य, शून्य.

"म्हणजे परत आली," नॉर्मन म्हणतो.
किंवा गेलीच नव्हती. पिंजरे रिकामे आले,
एवढंच माहीत आहे आपल्याला.
"दणक्यात दडून बसली असेल बिळात. मी असतो तर बसलो असतो."
यासाठी रकाना नाही. मी समासात लिहिते.

तेवढ्यात शेजारून कामगारांची पिवळी बोट जाते.
नारिंगी कपड्यातला एकजण हात वर करतो.
एलियट, नॉर्मनचा मुलगा. दर आठवड्याला शिडी चढून
आकाशातले नटबोल्ट आवळतो.
नॉर्मनचे दोन्ही हात गुंतलेले.
तो शेवंडच वर धरतो, अंड्यांसकट,
क्षणभर, ओळख करून द्यावी तशी.
मग वाकून पाण्यात सोडतो, फेकत नाही.

दुपारी दक्षिणेचा दोर.
चार कुर्ल्या. शून्य. एक बुटाचा तळवा. शून्य.
सातव्या जागी नुसता दोराचा शेंडा,
घासून तुटलेला, पिंजरा नाही.

"शून्य," म्हणतो तो, शिकल्यासारखा.
नाही, हे शून्य नव्हे. हरवलेल्याचा रकाना
कोरा ठेवायचा.

तो शेंडा बोटांत फिरवत राहिला बराच वेळ.
पाती वळत होती तिकडे, सहा मैलांवर, आवाजाशिवाय.
"आहे तो खाली," म्हणाला.
"उघडं तोंड, आत बांगडा.
धरत असेल अजून."